तारा बांधलेल्या जबड्यासाठी सूप

२००३ च्या आषाढात माझ्या वडिलांचा खालचा जबडा मोडला. होडी तेव्हा पाण्यात नव्हती. मालवणच्या उत्तरेला आमच्या गावात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि वर झावळ्यांचे छप्पर घालतात. वाऱ्याने उडालेली एक झावळ पुन्हा बांधायला बाबा होडीवर चढले, पाय घसरला आणि हनुवटी काठावर आपटली. खवळलेल्या समुद्रातून दर वर्षी धड परत येणारा तांडेल वाळूवर उभ्या असलेल्या होडीवरून पडला, ही बातमी गावाला बरेच दिवस पुरली.

मालवणच्या दातांच्या डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले. तारा गोकुळाष्टमीनंतर काढायच्या होत्या. तोपर्यंत तोंड उघडणार नव्हते. बाबांची उजवीकडची एक दाढ पूर्वीच पडलेली होती. त्या फटीतून प्लास्टिकची नळी आत जाई. जे काही पोटात जायचे ते त्या वाटेने.

डॉक्टरांनी दोन सूचना दिल्या. उलटी झाली तर तारा ताबडतोब कापायच्या, त्यासाठी काहीतरी हाताशी ठेवा, ही पहिली. आमच्याकडे होडीच्या इंजिनाच्या पेटीतली पक्कड होती. आईने ती घासली, उकळत्या पाण्यातून काढली आणि खाटेजवळच्या खिळ्याला टांगली. दुसरी सूचना वजनाची होती. पन्नास किलोच्या खाली गेलात तर गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवीन, तिथे नाकातून नळी घालून अन्न देतील, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी काटा पन्नासच्या बराच पुढे होता. घरात पहिल्या सूचनेची चर्चा झाली, दुसरीची झाली नाही.

गोव्याला जाण्याचा अर्थ मात्र सगळ्यांना माहीत होता. नारळी पौर्णिमेला ज्याची होडी त्यानेच समुद्राला नारळ द्यायचा आणि नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात ढकलायची नाही, अशी आमच्या वाडीची रीत आहे. मालक इस्पितळात असेल तर होडी वाळूवर राहते. खलाशी राहत नाहीत. त्यांना हंगामाची सुरुवात चुकवून चालत नाही. ते दुसऱ्याच्या होडीवर जातात आणि एकदा गेलेले त्या हंगामात परत येत नाहीत. बाबांची होडी एकच होती.

आषाढात अडचण आली नाही. खाडीचे मासे मिळत होते. आई त्यांचे सार करून त्यात नारळाचा दाट रस घाली, फडक्यातून गाळून पेल्यात ओती आणि बाबा नळीने पीत. वजन थोडे उतरले, पण माणूस हिंडता-फिरता होता. तारांआडून बोलताही येत असे. ओठ हलत, दात हलत नसत. त्यामुळे ते कायम रागावलेले वाटत. त्यांना ओळखणाऱ्यांना यात फारसा फरक दिसला नाही.

मग श्रावण लागला आणि दोन गोष्टी एकदम बंद झाल्या. मासे बंद झाले. ते बहुतेक घरांत होतात. नारळ बंद झाला. तो फक्त आमच्या घरात आणि फक्त बाबांसाठी. श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून समुद्राला नारळ देईपर्यंत होडीच्या मालकाने खोबऱ्याचा कण तोंडात घालायचा नाही, असा नियम आजोबांनी घालून दिला होता. का, ते त्यांनी सांगितले नव्हते. बाबांनी विचारले नव्हते. एरवी हे दिवस ते डाळ, भाकरी आणि उसळ खाऊन काढत. त्या वर्षी चावणे शक्य नव्हते.

"मासो नाय, नारळ नाय," आई म्हणाली. "मगे माझ्या हातात रवला काय, मीठ?"

पेज राहिली होती. उकड्या तांदळाची पेज बाबांनी तक्रार न करता प्यायली. पेजेने पोट भरते. वजनाचा अंदाज घ्यायला आम्ही मासळीच्या व्यापाऱ्याच्या पडवीतला काटा वापरत होतो. पावसाळ्यात तो रिकामाच असे. बाबा त्यावर फळी टाकून बसत. मिठबावहून भावाची विचारपूस करायला आलेली आत्या पहिल्यांदा सोबत आली, तेव्हा काटा बघून म्हणाली, "बर्फ घाल रे खाली. बर्फासकट तोललंस तर भरात."

डॉक्टरांच्या काट्यावर ते पन्नास आणि थोडे भरले. डॉक्टर म्हणाले, "भाज्यांचं सूप द्या. दाट, क्रीम घालून. दिवसातून जितक्या वेळा घेतील तितक्या वेळा." पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांनी पुन्हा बोलावले. तेव्हा काटा आणखी खाली दिसला तर गोव्याची चिठ्ठी.

परतताना रिक्षात आईने मला विचारले, "सूप म्हणजे सार ना गो?"

मी तेव्हा सावंतवाडीच्या एका दैनिकात बातम्या लिहीत होते आणि रजा घेऊन घरी आले होते. कुडाळच्या हॉटेलातल्या पत्रकार परिषदांमध्ये मी दोनदा सूप प्यायले होते. घरातली तज्ज्ञ मीच होते.

"सार पातळ असता. ह्या दाट."

"मगे कढण."

"कढण नाय. भाजी उकडूची, गुळगुळीत करूची, वरसून साय घालूची."

"आणि वाटप?"

"वाटप नाय."

"वाटपाशिवाय दाट कसा होतला?"

ओले खोबरे वाटून घातल्याशिवाय एखादा पदार्थ दाट होऊ शकतो, याचा आमच्या स्वयंपाकघराला अनुभव नव्हता. बाबा पुढे रिक्षावाल्याशेजारी बसले होते. त्यांनी मागे वळून बघितले नाही.

पहिले सूप लाल भोपळ्याचे आणि दुधीचे झाले. भाज्या उकडून, घोटून, गाळून घेईपर्यंत सगळे ठीक होते. शेवटी आईच्या हाताने सवयीने त्यावर मोहरीची फोडणी दिली. नळी तुंबली. बाबांनी जोर लावून ओढले आणि मोहरी तारांमध्ये जाऊन बसली. आत्याने त्यांना खिडकीशी उजेडात बसवून काडीने एकेक दाणा काढला.

"लहानपणी उवो काढी ह्येच्यो," ती आईला म्हणाली. "तेव्हाय असोच गुरगुरा."

दुसऱ्या दिवशी आईने फोडणी वगळली आणि दाटपणाचा प्रश्न मनावर घेतला. दाटपणा देणारी भाजी परसात उभी होती: अळू. अळू शिजून घोटले की लोण्यासारखे मऊ होते. आईने त्यात दुधाची साय घातली. बाबा दुधाला तोंड लावत नसत, चहासुद्धा कोरा घेत. पण डॉक्टरांनी सांगितले म्हणजे सांगितले. आमच्याकडे अळूत कोकमाची सोले पडतात. ती नसली तर अळू घशाला खाजते, हे कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत असते आणि आईला तर होतेच. पण कोकम घातले तर साय फाटणार, हेही तिला माहीत होते. तिने दोन्हींचा विचार केला आणि कोकम वगळले. साय नासणे तिला डोळ्यांना दिसत होते. घसा तिचा नव्हता.

बाबांनी अर्धा पेला संपवला आणि नळी बाजूला केली. मग मानेवर हात ठेवला. मग उठून उभे राहिले. ज्याला तोंड उघडता येत नाही त्याला घसा खाजला तर काय करावे, याची सूचना डॉक्टरांनी दिलेली नव्हती. बाबा पडवीत फेऱ्या मारू लागले. नाकातून एक आवाज येत होता, बिघडलेल्या इंजिनासारखा. आत्याने खिळ्यावरची पक्कड काढली आणि ती त्यांच्या मागोमाग फिरू लागली.

"कापू काय रे?"

बाबांनी मान हलवली.

"ओकी येता काय?"

पुन्हा मान.

"मगे नाचतंस कित्याक?"

आईने कोकमाचे आगळ पाण्यात मिसळून आणले. ते आंबट, खारट पाणी नळीने ओढल्यावर हळूहळू फेऱ्या थांबल्या. बाबा खाटेवर बसले. त्यांनी बंद दातांमधून एक वाक्य काढले.

"परत सूप म्हटलंस तर बग गो."

त्यानंतर ते फक्त पेज घेऊ लागले. सूप आणले की तोंड फिरवत. याच दिवसांत होडीवरचे दोन खलाशी पावसातून भेटायला आले. पडवीत इरली टेकवून बसले. चहा झाला. पावसाचे, जाळ्यांचे बोलणे झाले. ते बाबांशी बोलत होते, पण त्यांची नजर सैल झालेल्या बनियनवर होती.

"तांडेलानू, पुनवेक होडी काढतलास ना?" थोरल्याने विचारले.

"तर काय," बाबा म्हणाले.

"नाय, दुसऱ्या एका होडयेवाल्यान विचारल्यान. आमी अजून काय बोलाक नाय."

"मगे बोलू नकात."

"नाय बोलणव. पण तुमी गोव्याक जातास म्हणान आयकला."

"कोण म्हणता?"

थोरल्याने चहाच्या कपात बघितले. ते गेल्यावर बाबांनी कोणालाही न बोलावता खाटेवरून विचारले, "काय ता सूप, आसा काय थोडा?" त्या वेळी नव्हते.

त्या संध्याकाळी चुलीपाशी आत्याने आवाज खाली करून आईला आपली योजना सांगितली. भोपळ्याच्या सुपात नारळाचा दाट रस घालायचा. चार दिवसांत अंग धरील.

"तेका काय कळतला? नळयेन पिता तो. चव घेवक जीभ खंय पोचता?"

"कळतला."

"नाय कळाचा. मी बहीण तेची, मी सांगतंय."

आई विळीवर भोपळा कापत होती. ती थांबली नाही. "तेंका नाय कळाचा," ती म्हणाली. "दर्याक कळात. उद्या होडी त्याच दर्यात जातली."

आत्या मिठबावला समुद्राशेजारीच राहत होती. तिने विषय वाढवला नाही. थोड्या वेळाने आई उठली आणि फळीवरचा पत्र्याचा डबा उतरवला. त्यात गणपतीसाठी ठेवलेले काजू होते. बाजारात भाजी विकायला येणारी, फोंड्याकडची एक बाई दर पावसाळ्यात सुक्या मासळीच्या बदल्यात ते देई.

"आणि चतुर्थीक काय?" आत्याने विचारले.

"चतुर्थी येवंदे."

आईने मूठभर काजू गरम पाण्यात भिजत घातले. भोपळा, दुधी आणि एक बटाटा मऊ उकडून घेतला. वीज दुपारपासून नव्हती, म्हणून काजू पाट्यावर वाटले. वाटलेला काजू पांढरा, चिकट, रेशमासारखा झाला. तो भाज्यांत मिसळून, चवीला मीठ आणि आल्याचा रस घालून आईने एक हलकी उकळी आणली आणि सूप नव्या पंच्यातून गाळले. रंग फिकट केशरी आला. चमच्यावरून ते सावकाश ओघळत होते. कुडाळच्या सुपापेक्षा ते चांगले होते, हे मी दोन्ही प्यायले असल्याने सांगू शकते.

बाबांनी पेला नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला.

"नारळ घातलंस."

"नाय घातलंय. काजू आसा."

"वास येता."

"काजवाचो येता."

"माका वास शिकव नको गो. पन्नास वर्षां नारळ खातंय."

आईने दारावर टांगलेल्या देवाच्या तसबिरीची शपथ घेतली. ज्या बाईने आदल्या तासाला नारळाचा सल्ला धुडकावला होता, तिच्यावर तोच आरोप आला होता आणि सल्ला देणारी आत्या कोपऱ्यात अगदी शांत बसली होती. शेवटी आईने पेला उचलून स्वतः वास घेतला. मग माझ्यापुढे धरला. वास खोबऱ्याचाच होता.

कारण शोधायला वेळ लागला नाही. पाट्यावर रोज दोन वेळा नारळ वाटला जात होता, आईच्या लग्नापासून आणि त्याआधी आजीच्या हातून. दगडाची छिद्रे खोबऱ्याने भरलेली होती. आईने पाटा राखेने घासला, कढत पाणी ओतले, भिजवलेले तांदूळ वाटून फेकले. मग नाक लावले. खोबरे होतेच.

सकाळी मी आणि आत्या वाडीत फिरलो. नारळ कधीही न वाटलेले काही वाटायचे साधन कोणाकडे आहे का, अशी चौकशी होती. लोक आधी हसले, मग आपापल्या स्वयंपाकघरात जाऊन हुंगून आले. पाटे बाद झाले. रगडे बाद झाले. ज्यांच्याकडे मिक्सर होते त्यांनी झाकणे उघडून दाखवली. पात्याखाली पांढरी कड होती. एका म्हाताऱ्या बाईने देव्हाऱ्यातली चंदन उगाळायची सहाण देऊ केली. तिच्यावर पेलाभर काजू वाटायला दिवस गेला असता, शिवाय म्हातारीची एक अटही होती.

"पण सूप मगे देवाक दाखवूचा लागात," ती म्हणाली.

शेजारच्या घरी नवी सून आली होती. तिच्या माहेरहून आहेरात मिक्सर आला होता आणि सासूने तो खोक्यासकट कपाटावर ठेवून दिला होता. वीज कमी-जास्त होते, जळेल, असे सासूचे म्हणणे होते. आम्ही अंगणात उभ्या राहून हकिगत सांगितली. सासू कपाटाकडे बघत राहिली.

"माझ्या वस्तूचा पयला वाटण काजवाचा?" सून म्हणाली. "नारळाचा नाय, मासळेचा नाय. बामणाच्या घरात पडल्यासारख्या झाला."

"जळलो तर?" सासूने विचारले.

"जळलो तर काकांच्या होडयेतसून घेवया नवो. आधी होडी तरी जावंदे."

खोके उतरवण्यात आले. बाबांनी तिथे स्वतः हजर राहण्याचा आग्रह धरला. डोक्यावर छत्री आणि हनुवटीला बांधलेला पंचा अशा अवस्थेत ते शेजारच्या पडवीत येऊन मिक्सरसमोर बसले. सुनेने भांडे काढून त्यांच्या नाकापुढे धरले. त्यांनी हुंगले आणि मान डोलावली. मग वीज येण्याची वाट बघणे सुरू झाले. आई भिजलेले काजू घेऊन बसली होती. आत्या पत्ते आणायला निघाली होती, तेवढ्यात दिवा लागला. मिक्सर फिरला. पहिल्या आवाजाला सासूने डोळे मिटून घेतले. तो जळला नाही.

वाटलेला काजू घरी आणून आईने बाबांच्या देखतच सूप केले. ते चुलीजवळ पाटावर बसले होते. स्वयंपाकघरात इतका वेळ त्यांना आम्ही कधी बघितले नव्हते. त्यांनी बंद दातांमधून सूचना द्यायला सुरुवात केली: जाळ कमी कर, ढवळ, तळाक लागता.

"होडी चालवतास काय?" आईने विचारले.

"वायच आला घाल."

तिने घातले. सूप गाळले, निववले, पेल्यात ओतले. बाबांनी वास घेतला. नळी फटीत सरकवली. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी तो आईकडे दिला आणि नळी मात्र फटीतच ठेवली, म्हणजे पुन्हा भरून हवा होता.

पौर्णिमेपर्यंत हाच कार्यक्रम चालला. वीज आली की शेजारून हाक येई आणि काजू पळवत न्यावे लागत. आईने भाज्या बदलून बघितल्या. पडवळ पाणचट निघाले. रताळ्याने दाटपणा आला, पण बाबांना गोड नको होते. भोपळा, दुधी आणि बटाटा हेच कायम राहिले. काजूचा डबा संपत आला, तेव्हा शेजारच्या सासूने आपला आणून दिला आणि सूप कसे लागते ते बघायला वाटीही आणली. तिचे मत पडले की हे चांगले आहे, वरून थोडे खोबरे पेरले तर आणखी चांगले होईल.

व्यापाऱ्याच्या काट्यावर या काळात दोन वेळा वजन केले. पहिल्या वेळी फरक नव्हता. दुसऱ्या वेळी बाबांच्या कंबरेला चाव्यांचा जुडगा होता, म्हणून ती नोंद आम्ही धरली नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आई, बाबा आणि मी मालवणला गेलो. दवाखान्यात गर्दी होती. बाबा काट्यावर चढले आणि समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहिले. डॉक्टरांनी वाकून काटा वाचला, बाबांना उतरायला सांगितले आणि पुन्हा चढायला सांगितले. वजन मागच्यापेक्षा एक किलोने जास्त होते.

"काय देताय यांना?" त्यांनी विचारले.

"सूप," आई म्हणाली. "काजूचं."

गोव्याची चिठ्ठी लिहिली गेली नाही. तारांची तारीख बदलली नाही. जड काम करायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. समुद्रावर जाण्याबद्दल त्यांना कोणी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी बाबांनी गुडघाभर पाण्यात उभे राहून नारळ दिला. दोन्ही खलाशी मागे उभे होते. समुद्र उधाणलेला असल्याने त्या दिवशी कोणाचीच होडी गेली नाही. पुढच्या उघडिपीला वाडीतल्या होड्या पाण्यात ढकलल्या गेल्या. आमची त्यांत होती. ती ढकलायला बाबांनी हात लावला नाही. खलाशांनी ढकलली. ते नंतर चढले आणि सुकाणूपाशी बसले.

दुपारनंतर होडी परत आली. कोळंबी आणि थोडे बांगडे मिळाले होते.